जुन्या कॅमेऱ्याचा आवाज

७ सप्टेंबर, रविवार

ही डायरी जानेवारीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीने भेट दिली होती. तेव्हापासून तिच्यावर चहाचा कप ठेवत होतो. आज उघडली, कारण मी, ललित चुरी, राहणार केळवे, धंदा बोईसरला, पन्नाशीच्या तोंडावर काहीतरी नवीन शिकायला घेतलंय आणि ते जमणार नाही अशी दाट शंका आहे. निदान कसं जमलं नाही ते तरी लिहिलेलं असावं.

काल गणपती गेले. आज पाम गावाहून माझी धाकटी बहीण उषा आली, बरोबर तिची मुलगी हेमाली. हेमालीचं लग्न ठरलंय, तीस नोव्हेंबरला. फोटो मीच काढणार हे न बोलताच ठरलेलं होतं, पण हेमालीने अट घातली. "मामा, 'हनुवटी वर, मान डावीकडे, स्माइल' यातलं काहीही नको. मला कँडिड हवेत. तू फोटो काढतोयस हे कुणाला कळताच कामा नये. आणि एक फोटो तर हवाच हवा. अंतरपाट बाजूला झाल्यावर आम्ही एकमेकांकडे बघतो ना, तो. नंतर परत उभं करून काढलेला चालणार नाही."

मी हो म्हणून बसलो. मामाने नाही कसं म्हणायचं?

खरं सांगायचं तर गेली वीसेक वर्षं मी तारापूर एमआयडीसीतल्या कंपन्यांसाठी कॅटलॉगचे फोटो काढतोय. व्हॉल्व्ह, पंप, स्टीलच्या टाक्या, कधी टॉवेल. मागे पांढरा कागद, दोन्ही बाजूंना दिवे, वस्तू फडक्याने पुसायची, नीट ठेवायची आणि काढायचा फोटो. व्हॉल्व्ह हलत नाही. ऐन वेळी डोळे मिटत नाही. माणसांचे फोटो काढायची वेळ आलीच तर मी त्यांनाही व्हॉल्व्हसारखंच उभं करतो. एकदा तर एका मॅनेजरच्या कपाळावरून फडकं फिरवलं होतं.

"हो म्हणालात खरं," उषा गेल्यावर जागृती म्हणाली, "पण तुमी माणसांकडं बघता तरी कुठं?"

जागृती माझी बायको. बोलते थोडं, पण लागतं.

१० सप्टेंबर, बुधवार

यूट्यूबवर एक बाई कँडिड फोटोग्राफी शिकवतात. त्या म्हणतात, लपू नका. इतका वेळ तिथेच राहा, की लोक तुम्हाला विसरतील. काम संपल्यावर बोईसरच्या भाजीबाजारात जाऊन राहिलो. लोक मला विसरलेही. मग मी बटण दाबलं.

खटॅक!

माझा कॅमेरा जुना. त्याच्या आतला आरसा वरखाली होतो तेव्हा दाराची कडी आपटल्यासारखा आवाज येतो. स्टुडिओत व्हॉल्व्ह कधी तक्रार करत नाहीत, त्यामुळे मला हे माहीतच नव्हतं. भेंडीवाली वळली, गिऱ्हाईक वळलं, भेंडी खाणारी गायसुद्धा वळली. कारखान्यातून सुटलेले दोघे कामगार पुढे आले. "साहब, कौन से डिपार्टमेंट से हो? पानी का शिकायत किया था हमने, उसी का है ना?"

मी नाही म्हणालो तरी त्यांनी मला गटार दाखवायला नेलं. गटाराचे चार चांगले फोटो आले. ते हलत नव्हतं.

१४ सप्टेंबर, रविवार

केळव्याच्या समुद्रावर गेलो. रविवारी मुंबईची माणसं येतात, गर्दीत आवाज दडेल असा हिशेब. आवाज दडला, पण मुंबईच्या माणसांना कॅमेऱ्याचा वास येतो. सुरूच्या झाडांकडे नुसता रोखला तरी तीन जण मध्ये येऊन दोन बोटं वर करतात.

परत येताना दांड्याच्या कोळीवाड्यात बोंबील वाळत घालणाऱ्या बायका दिसल्या. उजेड सुरेख होता. खटॅक.

"काय रं, आमचा फोटो काढून काय करणार तू? पेपरात देणार?"

"नाही हो मावशी, शिकतोय."

"या वयात? मंग जरा दम धर, आमाला पदर तरी नीट करू दे."

पाचजणी पदर सारखे करून ओळीत उभ्या राहिल्या आणि मी सवयीने म्हणालो, "हनुवटी वर." हेमालीला हा फोटो दाखवणार नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

सापडली!

आज दुपारी लवकर घरी आलो. आमच्याकडे शनिवार-रविवार पाहुणे राहायला असतात. वाडीत दोन खोल्या बांधल्यात आणि जागृतीच्या हातच्या जेवणासाठी लोक परत परत येतात. आज पाहुणे नव्हते. ती मागच्या पडवीत बसून सुपारी निवडत होती. मी दारातून एक फोटो काढला. खटॅक. ती वळली नाही. दोन पावलं पुढे जाऊन आणखी एक काढला. नाही वळली. तिसरा, चौथा. हात चालूच, चेहरा आपल्याच विचारात, ओठांच्या कोपऱ्यात कसलंसं अर्धवट हसू. बाजारातली गायसुद्धा माझ्याकडे वळून बघते आणि ही बाई समाधी लागल्यासारखी बसलेली!

चहा पिताना तिला पडद्यावर फोटो दाखवले. "जागृती, तू सगळ्यांत बेस्ट आहेस. कॅमेऱ्याचं भान नसणं हे देणं असतं, ते शिकवून येत नाही."

तिने फोटो पुन्हा पुन्हा बघितले. मग माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी बोलणार असल्यासारखी. "मी अशी दिसते?" एवढंच म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

आता सराव घरातच करायचा.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

रोज काढतोय. दळण आणताना, फुलं खुडताना, आरशासमोर टिकली लावताना. आरशात मात्र मी दिसतो, म्हणून आरसा बंद.

माझ्या लक्षात आलेली एक गंमत: ती नेहमी माझ्या डाव्या हाताला बसते. जेवताना, ओट्यावर, पाहुण्यांशी गप्पा मारतानासुद्धा उजवा गाल समोरच्याकडे. सगळ्यांना आपली एक बाजू आवडते म्हणतात. हिला उजवी आवडते हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं. नकळत पोज देते म्हणजे, आणि म्हणे कँडिड!

नवरात्रात बायकांच्या भजनाला गेली नाही. दरवर्षी पुढे बसून गाते. "घसा धरलाय," म्हणाली. घसा चांगला ठणठणीत आहे, सकाळी कामाला येणाऱ्या ठकीला हाका मारत होती तेव्हा वाडीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. गेल्या वर्षी पेटीवाल्या बाईंशी काही वाजलं होतं, तेच असणार. बायकांच्या राजकारणात मी पडत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

हेमालीच्या लग्नाचा व्हिडिओ पालघरचा सुजीत करणार आहे. तो आज भेटला. त्याला जागृतीचे फोटो दाखवले. "दादा, वहिनी काय नॅचरल आहेत! माझी बायको शंभर फुटांवरून ओळखते मोबाइल कुठे रोखलाय ते." मला फार बरं वाटलं. त्याने सल्ला दिला, की नवा कॅमेरा घ्या, बिनआवाजाचा येतो. मी म्हटलं, लग्नाच्या गोंधळात कोण ऐकतंय? आणि या कॅमेऱ्याने मला पोसलंय.

घरी आलो तर कुकर. शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या, अंगणापर्यंत ऐकू येत होत्या आणि जागृती ओट्यापाशीच पाठमोरी नारळ खवत उभी. खिडकीतून तिरपा उजेड, वाफेचा लोट, त्यात ती शांत. आधी फोटो काढला आणि मग गॅस बंद केला. फोटो अप्रतिम आलाय. डाळीचा लगदा झाला, तो गायीला.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज पाहुणे होते. ठकी, म्हणजे डोंगराकडच्या पाड्यावरून आमच्याकडे स्वयंपाकाच्या मदतीला येते ती, जागृतीला कधीच मागून हाक मारत नाही. समोर येऊन उभी राहते नाहीतर खांद्याला हात लावते. त्या खांद्यावरच्या हाताचा फोटो काढला. फार माया आहे त्यात.

"ठके, ताईला लांबून हाक मारायला लाजतेस का?"

"लाजू कशाला? असा बरा पडतं," म्हणून ती ताट घेऊन गेली.

हर्षितचा, आमच्या मुलाचा, पुण्याहून फोन आला. हल्ली तो आईला फोन करत नाही, दोघं मेसेज पाठवतात एकमेकांना. जागृती भराभर टाइप करते, मधूनच हसते. मी मागे राहिलो आणि ती बदलली, मॉडर्न झाली. आजही मला म्हणाली, "त्याला सांगा, मी लिहून पाठवते."

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीजेला जागृतीला घेऊन पामला गेलो. उषाने ओवाळलं. मी कॅमेरा गळ्यातच ठेवला होता आणि ओवाळून घेता घेता तिचा फोटो काढायला गेलो, तर तबकातलं निरांजन कलंडलं. "दादा, निदान आज तरी पाटावर नीट बस!"

हेमाली म्हणाली, "मामी हल्ली गप्प गप्प असते ना रे?"

म्हटलं, "ती पहिल्यापासूनच मोजकं बोलते."

"नाही रे. आधी मला चिडवायची तरी. आता नुसती हसते."

लग्नघर म्हटलं की मुली हळव्या होतात. मी तिचा तसाच एक काढला, मामीकडे बघतानाचा. जमायला लागलंय मला.

९ नोव्हेंबर, रविवार

अहेराच्या साड्या घ्यायला पालघरला गेलो होतो. मी रस्त्याच्या या बाजूला, जागृती समोरच्या दुकानातून निघून माझ्याकडे येत होती. मागून टेम्पो. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय आणि ही आपली पिशवी सांभाळत सरळ चाललीय. अगदी अंगाशी येऊन तो थांबला आणि खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ओ ताई, घरी सांगून आलात का?" रस्त्यावरचे सगळे बघायला लागले. ती मात्र माझ्याकडे बघून हसत होती.

मी तो फोटो काढला. मागे टेम्पोचं नाक, ड्रायव्हरचं उघडं तोंड, पुढे तिचा निवांत चेहरा. आजवरचा सर्वोत्तम. असा फोटो स्पर्धेत पाठवावा.

घरी तिला दाखवला. तिने तो मोठा करून टेम्पोकडे बघितलं आणि एकदम खाली बसली. "हा एवढ्या जवळ होता?"

"मग! म्हणून तर मजा आहे."

ती रात्री जेवली नाही. माझी मजा तिला आवडली नसावी. उगाच टेम्पो दाखवला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज पामला हळद. अंगणात मांडव, बायकांचा गराडा, हळदीची गाणी. गोंधळ इतका, की माझा खटॅक कुणाला ऐकूही येत नव्हता. जीव ओतून काम केलं. हेमालीच्या कानामागे हळद लावणारी उषा. हसता हसता रडणारी उषा. हळद लागू नये म्हणून पळणारे सुजीतचे बूट. एकालाही हनुवटी वर करायला सांगितलं नाही.

हळदीची गाणी म्हणजे जागृतीचा हातखंडा. पण आज पुढे झाली नाही. ढोलकी वाजवणारीच्या अगदी मांडीला मांडी लावून बसली आणि तळहात ढोलकीच्या लाकडावर ठेवून. बायकांच्या तोंडाकडे बघत ओठ हलवत होती. आवाज काढत नव्हती. तिच्या हाताचा फोटो आजच्यातला सगळ्यांत चांगला आहे, का ते मला सांगता येणार नाही.

उद्याची सगळी तयारी झाली. अंतरपाटाच्या वेळी मी कुठे उभा राहणार तिथे खडूने फुली करून ठेवलीय.

३० नोव्हेंबर, रविवार

सगळं वाटोळं झालं.

मी सगळा विचार केला होता. उजेड, लेन्स, जादा बॅटरी, खडूची फुली. फक्त नवरीचा मामा कोण, हे विसरलो. मुहूर्ताला भटजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," आणि मी फुलीवर उभा राहून इकडेतिकडे बघतोय, की हा मामा अजून येत कसा नाही! मांडव हसायला लागला तेव्हा डोक्यात उजेड पडला. नवरीला मामाने आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत मामाने तिच्या पाठीशी उभं राहायचं. तिथून मला दिसणार काय, तर हेमालीचा अंबाडा.

सुजीत व्हिडिओत अडकलेला. समोर जागृती होती. कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला. "सगळं लावून दिलंय. फक्त बटण दाबायचं. 'तदेव लग्नं' ऐकलंस, की तयार राहा आणि अंतरपाट निघाला की दाब." ती काहीतरी म्हणत होती, मी ऐकून घेतलं नाही. भटजी घाई करत होते.

शेवटचं मंगलाष्टक झालं. 'तदेव लग्नं' सुरू झालं. मी पाहिलं तर ही कॅमेरा भटजींकडे रोखून उभी! अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, ताशा सुरू झाला, दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तिची लेन्स अजून भटजींच्या तोंडावर. मी हेमालीच्या मागून ओरडलो, "दाब! जागृती, दाब!" सगळा मांडव माझ्याकडे वळला. तेव्हा कुठे ती दचकली.

हवा होता तो एकच फोटो, आणि तो नाही. मी तिला सगळ्यांच्या देखत म्हणालो, "एक काम सांगितलं होतं." हेमाली म्हणाली, "जाऊ दे रे मामा," पण तिचा चेहरा उतरला होता.

घरी आलो आणि कॅमेरा कपाटात टाकला.

२ डिसेंबर, मंगळवार

काल कार्ड बघायची हिंमत झाली नाही. आज दुपारी स्टुडिओत शटर अर्धं ओढून बसलो.

माझे फोटो संपले आणि तिचे सुरू झाले. पहिला भटजींच्या माइकचा. दुसरा माइकचा. तिसरासुद्धा माइकचाच, भटजी मान वळवतात तशी ती पण बाजूला सरकलेली. संताप आला. माणसाचं तोंड दिसत नाही, नुसता काळा माइक! पुढे उषाचे ओठ. मंगलाष्टक म्हणणाऱ्या आत्याबाईंचे ओठ. नवऱ्याच्या आईचे. कपाळ नाही, अंबाडा नाही, नुसती तोंडं. मग पुन्हा माइक. या बाईने बघितलं तरी काय, म्हणून मी एकेक फोटो मोठा करत गेलो.

आणि मग मला कळलं, की ती बघत नव्हती. ऐकत होती.

भटजींचे ओठ माइकच्या मागे होते. ती बाजूला सरकून सरकून ते शोधत होती, 'तदेव लग्नं' कधी होतं ते बघायला. मी तिला सांगितलं होतं, ऐकलंस की.

मी माझे फोटो उघडले. पडवीतले, कुकरचा, ठकीच्या हाताचा, ढोलकीवरच्या तळहाताचा. प्रत्येकात तेच होतं. पाहुण्यांच्या तोंडाकडे बघणारी, उजवा कान पुढे करणारी, हाक ऐकू न आलेली. टेम्पोचा फोटो उघडला आणि लगेच बंद केला. मी तो स्पर्धेत पाठवणार होतो.

भरदिवसा स्टुडिओत रडलो. बाहेर पंपवाले त्यांचा पंप घेऊन आले होते, त्यांना उद्या या म्हटलं.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी ती अंगणात खराट्यासाठी झावळीचे हीर काढत बसली होती. मी समोर जाऊन खाली बसलो. ठकीसारखा.

"कधीपासून?"

तिने कोयता बाजूला ठेवला. काय विचारतोय ते लगेच कळलं तिला. "दोनेक वर्षं झाली. आधी डावा गेला. मंग उजवा पण. समोर माणूस असला तर चालतं."

"मला का नाय सांगितलंस?"

"सांगणार होते." ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि आता ते बघणं मला कळत होतं. "त्या दिवशी पडवीत तुमी फोटो काढलेत ना, त्याच दिवशी सांगणार होते. तुमी म्हणालात, तू सगळ्यांत बेस्ट. मला माहीत होतं मी का बेस्ट ते. सांगितलं असतं तर तुमी कॅमेरा खाली ठेवला असता."

"ठेवला असता तर काय बिघडलं असतं?"

"एवढी वर्षं तुमी व्हॉल्व्हकडं बघितलात. आता रोज माझ्याकडं बघत होतात. म्हटलं, लग्नापर्यंत चालू दे."

मी तिचा हात धरला, त्यात हिराचं कुसळ होतं, ते माझ्या बोटात गेलं.

"आणि खरं सांगू?" ती म्हणाली. "कधी कधी मला कळायचं तुमी मागं उभे हाय ते. तुमच्या शर्टाला स्टुडिओचा वास येतो. मंग मी हातातलं काम जरा हळू करायची. तुमाला नीट मिळावा म्हणून."

म्हणजे माझे निम्मे कँडिड खोटे. आणि ते निम्मे मला जास्त हवे आहेत. हे तिला बोलून दाखवायला हवं होतं. दाखवलं. बोलताना तोंड तिच्यासमोर ठेवलं. मांडवात बोललो त्याची माफी पण मागितली, तेव्हा म्हणाली, "ते मला ऐकूच नाय आलं," आणि हसायला लागली. खोटं बोलत होती. ते तर तिने तोंडावरून वाचलंच असणार.

शुक्रवारी पालघरला कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. हर्षितला मी फोन करणार होतो, पण त्याला ती लिहून कळवणार म्हणाली.

१४ डिसेंबर, रविवार

हेमाली आणि जावई जेवायला आले होते. सगळे फोटो दाखवले. मामीबद्दल सांगितलं तेव्हा हेमाली उठून तिच्या गळ्यात पडली, बराच वेळ.

मग तिने स्वतःसाठी एक फोटो निवडला. माझा नाही. जागृतीने काढलेल्यातला अगदी शेवटचा, मी ओरडल्यावर तिने दचकून दाबलेला. अंतरपाट भुईवर पडलाय, अक्षता हवेत, नवरा पोट धरून हसतोय, हेमाली मागे मान वळवून हसतेय आणि तिच्या खांद्यावरून आ वासलेला मी. माझी हनुवटी अगदी वर.

"हाच मोठा करायचा, मामा. हा खरा कँडिड."

"अगं, तुम्ही एकमेकांकडे कुठे बघताय?"

"तुझ्याकडे बघतोय ना. आयुष्यभर हसता येईल."

जागृतीला मी ते तोंडासमोर पुन्हा सांगितलं. ती गालात हसली आणि म्हणाली, "मंग पुढच्या लग्नाला मलाच बोलावतील?"

११ जानेवारी, रविवार

काल तिचं मशीन आलं. दोन्ही कानांना. डॉक्टर म्हणाले, सवय व्हायला वेळ लागेल, सगळंच पूर्वीसारखं ऐकू येणार नाही, पण बरंच येईल.

घरी आल्यापासून तिच्या तक्रारी सुरू आहेत. पंखा एवढा कसा किरकिरतो? कावळ्यांना दुसरं काम नाही का? "आणि तुमी जेवताना हा असा आवाज करता? दोन वर्षं किती सुखात होते मी." ठकी आज मागून येऊन पहिल्यांदाच "ताय!" म्हणून ओरडली, मुद्दाम, आणि जागृतीने हातातली वाटी टाकली. दोघी हसून हसून ओट्यावर टेकल्या.

दुपारी ती मागच्या पडवीत सुपारी निवडायला बसली. त्याच जागी, तसाच उजेड. मी शर्ट बदलून आलो, वास नको म्हणून. दारातच थांबलो. बराच वेळ तसाच उभा राहिलो. परीक्षेच्या निकालासारखी भीती वाटत होती.

खटॅक.

तिचा हात थांबला. मान वळली. सरळ लेन्समध्ये बघितलं तिने, डोळे मोठे करून.

"हा आवाज?" ती म्हणाली. "एवढा मोठा? आणि मला वाटायचं, तुमी गुपचूप काढता!"

मी जोरात मान हलवली आणि त्यात बटण पुन्हा दाबलं गेलं. दुसरा फोटो पूर्ण हललाय. त्यात सुपारी दिसते, खांब दिसतो आणि माझ्याकडे बघून हसणारी जागृती, जराशी पुसट. कँडिडच्या नियमाने दोन्ही बाद. दोन्ही मोठे करायला टाकलेत, स्टुडिओत पांढऱ्या कागदाच्या वर लावायला.